दिगंबर शेंडगेची व्यंजनं

दिगंबर शेंडगे वारला तेव्हा रीतीप्रमाणे त्याचे स्वर त्याच्याबरोबर गेले आणि व्यंजनं मागे राहिली.

आमच्या तालुक्यात हे सगळ्यांचंच होतं. अ, आ, इ, ई हे श्वासाचे असतात. श्वास थांबला की तेही थांबतात. क, ट, प, स यांना मात्र जीभ, दात, ओठ लागलेले असतात. जन्मभर आपटून आपटून ती टणक झालेली असतात, लगेच जात नाहीत. पूर्वी लोक ती पितळी तांब्यात घालून घरातल्या कोनाड्यात ठेवायचे. पण घरात पंखे आले, मिक्सर आले, दिवसभर टीव्ही चालू राहू लागला, आणि तांब्यातली व्यंजनं बघता बघता झिजून जाऊ लागली. तेव्हापासून ती गाडीत बसवतात. काचा वर केल्या की गाडीइतकी बंद जागा घरात कुठे मिळत नाही. त्यासाठी ट्वीटर वापरतात. ट्वीटर म्हणजे बोराएवढा गोल स्पीकर, आवाजातला फक्त वरचा, बारीक, धारेचा भाग वाजवणारा. मोठ्या स्पीकरचा इथे उपयोग नाही, कारण भरदार असं काही उरलेलंच नसतं.

ज्यांच्याकडे गाडी नाही ते भावकीतल्या कुणाच्या तरी गाडीत जागा मागतात. ज्यांचं कुणीच नाही त्यांची व्यंजनं घंटागाडीत बसवली जातात, आणि सकाळी कचरा टाकायला आलेल्या बायका बादली हातात धरून क्षणभर त्यांचं ऐकून घेतात.

दिगंबरकडे स्वतःची गाडी होती. तो कोंबड्यांचं खाद्य विकायचा. गावोगावच्या पोल्ट्रींवर त्याचं जाणं असे, आणि अशाच एका शेडमध्ये, खाद्याच्या पोत्यावर बसून मालकाशी बोलता बोलता, तो एका बाजूला कलंडला. घरात मागे दोघी राहिल्या. बायको वैजयंता, जी स्टँडजवळ साड्यांना फॉल-पिको करण्याचं दुकान चालवायची, आणि आई केराबाई. मूलबाळ नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तिघं गाडीतून बाहेर पडायची, कधी केराबाईंच्या माहेरी, कधी दवाखान्यात, कधी नुसतीच कालव्यापर्यंत. दिगंबर चालवायचा, वैजयंता त्याच्या शेजारी आणि केराबाई मागे, अशी बसायची पद्धत होती.

व्यंजनं नगरपरिषदेच्या मागच्या इमारतीत मिळतात. खिडकीतल्या बाईंनी कापसात गुंडाळलेली डबी वैजयंताच्या हातावर ठेवली.

"आधीच सांगते," त्या म्हणाल्या, "यात स्वर नाहीत. लोक नंतर येऊन भांडतात."

"माहीत आहे," वैजयंता म्हणाली.

"आणि फार हलवू नका. स आणि श एकमेकांत मिसळतात."

केराबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. डबीकडे बघून त्यांनी विचारलं, "जड हाय का गं?"

"नाही आत्या. काहीच वजन नाही."

"जल्मला तवा पण हलकाच हुता," केराबाई म्हणाल्या.

दोघींपैकी कुणालाच गाडी चालवता येत नव्हती. शेजारचे सर्जेराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते, त्यांनी गाडी काढली आणि दोघींना अस्लम मुजावरच्या दुकानात नेलं. अस्लमचं दुकान गॅरेजच्या रांगेत शेवटी आहे. तो गाड्यांत टेपही बसवतो आणि माणसंही. बोलायला थोडा मोठेपणा घेणारा, पण हात हलका.

"माझ्याकडं बसवलेला माणूस आजवर परत आलेला नाही," त्याने सांगितलं. डबी उघडून त्याने व्यंजनं दोन ट्वीटरमध्ये निम्मी निम्मी भरली, आणि मग हात पुसून सरळ उभा राहिला. "आता जागा. जागा घरच्यांनी ठरवायची. मी फायदे-तोटे सांगणार, निर्णय देणार नाही. आधी मी पुट्टीनं तात्पुरते चिकटवून ऐकवतो. पण एकदा भोक पाडलं की माणूस त्या जागेचा झाला. नंतर काढायला गेलात तर सगळं सांडतं. मग भरून देता येत नाही."

"कळलं," वैजयंता म्हणाली.

"ट्वीटरचा आवाज सरळ रेषेत जातो, ताई. तोंड जिकडं तिकडंच. सगळ्या गाडीला सारखा ऐकू येत नाही. म्हणून पहिला प्रश्न. कोण कुठं बसणार? गाडी कोण चालवणार?"

हे दोघींनी ठरवलं नव्हतं. सर्जेराव स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले.

"मी शिकेन," वैजयंता म्हणाली.

केराबाईंनी तिच्याकडे बघितलं.

अस्लमने पहिल्यांदा ट्वीटर डॅशबोर्डवर ठेवले, पुढच्या काचेकडे तोंड करून. सर्जेरावांनी किल्ली फिरवली. गाडीत बसवलेली व्यंजनं इंजिन चालू झाल्यावरच बोलतात, आणि आपलं आपण बोलतात, विचारलेल्याला उत्तर देत नाहीत. थोडा वेळ नुसतीच बारीक सळसळ आली. मग काचेवर आपटून, एकेक अक्षर दोनदा येत, आवाज आला. "प् ट् ट् ल् व्."

"पट्टा लाव," वैजयंता म्हणाली, आणि तिचा हात आपसूक पट्ट्याकडे गेला.

"काचेमुळं फुटतोय," अस्लम म्हणाला. "इथं बसवला तर माणूस कायम गाडीच्या बाहेर, बॉनेटवर बसून बोलतोय असं वाटतं. काही जणांना तसंच हवं असतं."

"नको," वैजयंता म्हणाली.

मग त्याने ते दाराच्या खाली लावून बघितले. तिथे सर्जेरावांचा गुडघा मध्ये येत होता. गुडघ्याने त आणि थ खाऊन टाकले. मग त्याने ते पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर लावले, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला, तोंड आतल्या बाजूला वळवून. सर्जेराव खाली उतरले आणि वैजयंता ड्रायव्हरच्या जागेवर बसली. या जागेवर ती कधीच बसली नव्हती.

"व् ज् य् न् त्."

आवाज अगदी गालाशी आला. शेवटचा त् निघताना ओठांपाशी जी फुंकर सुटते तीसुद्धा लागल्यासारखी वाटली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. दिगंबर घाईत असला तरी तिचं नाव पूर्ण घ्यायचा, तोडायचा नाही. त्यातलं आता जे येत होतं ते सगळं दातांचं आणि ओठांचं होतं, मधला ओलावा तेवढा नव्हता.

"मला न्हाय आलं ऐकू," मागून केराबाई म्हणाल्या.

"मागं तेवढं येणार नाही, मावशी," अस्लम म्हणाला. "रेषेत नाही ना."

"मग माझ्याकडं लावा."

अस्लमने वैजयंताकडे बघितलं. ती खाली उतरली. ट्वीटर मागच्या दारांवर, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात गेले. आता केराबाईंना सगळं नीट ऐकू येऊ लागलं. "हळू", "बस", "काच खाली कर", "ऊन लागतंय का", असं गाडीत तो जे काही बोलायचा त्याची व्यंजनं. केराबाई पुढे झुकून, तोंड उघडं ठेवून ऐकत राहिल्या. एक वाक्य झालं की पुढच्याची वाट बघत. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हाक मारत न्हाय."

"मारेल," अस्लम म्हणाला. "कोन बदलतो."

त्याने ट्वीटर थोडे आत वळवले. मग थोडे खाली. मग सीटच्या उशीच्या बाजूला, कानाजवळ. दुपार तशीच गेली. दिगंबरने वैजयंताचं नाव कितीदा तरी घेतलं, सर्जेरावांचंही एकदा घेतलं, पण केराबाईंना त्याने हाक मारली नाही. अस्लमला घाम आला होता. तो पुन्हा पुन्हा सांगत होता की हा कोनाचा प्रश्न आहे, कोन सापडला की हाक येईल.

"तिचं नाव घेतो," केराबाई म्हणाल्या. "माझं घेत न्हाय."

"आत्या, दमला असाल. घरी जाऊ."

"मी कशाला दमतीय? हितंच लावा, मागं. पाडा भोक."

वैजयंता इतका वेळ पुढच्या डाव्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागेवर, मान मागे वळवून बसली होती. तिथे तिला शब्दांची फक्त टोकं येत होती. ती म्हणाली, "मग मी काय करू? गाडी चालवायची मी, आणि तो तुमच्या कानात बोलणार. मी नुसता आरसा बघत बसू?"

"तू शेजारी बसलीस की आजवर! त्याचं त्वांड बघत बसलीस. मी मागनं काय बघितलं? त्याचं डोसकं. हितं बसून त्याच्या मानंवरचं केस तेवढं पांढरं हुताना बघितलं. आता तरी माझ्याकडं त्वांड करून बसू दे की त्याला."

"तो माझा नवराही होता ना, आत्या."

"व्हय. मला का ठावं न्हाय?"

सर्जेराव बाहेर जाऊन टायर बघू लागले. त्यांना टायरचं काही बघायचं नव्हतं. अस्लम ड्रिल हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्याने ते फळीवर ठेवून दिलं.

"आज राहू दे," तो म्हणाला. "पुट्टीवर घेऊन जावा. गतिरोधकावरनं हळू काढा, सर्जेरावतात्या. उद्या या ठरवून."

त्या रात्री दोघी जेवल्या, पण बोलल्या नाहीत. केराबाईंना रक्तदाबाची गोळी होती, ती त्यांनी घेतली नाही. वैजयंताने ती पाण्याच्या भांड्याशेजारी काढून ठेवली होती. सकाळी ती तिथेच होती. वैजयंताने ती उचलून परत पाकिटात ठेवली.

सकाळी पुन्हा सर्जेरावांनी गाडी काढली. अस्लमने अजून दुकान झाडलं नव्हतं, म्हणून दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. समोर एका ट्रकचं हवेचं नळकांडं दुरुस्त होत होतं. बराच वेळ तिकडे बघून केराबाई म्हणाल्या, "वैजे, तो रागावलाय का गं माझ्यावर?"

"कशाला रागावेल?"

"काय म्हाईत. कायतरी आसंल. न्हायतर लेकरू आपल्या आईला हाक मारल्याबिगर ऱ्हाईल का? घरात शिरायच्या आधी चपला काढताना हाक मारायचा. पाणी प्यायचं झालं तरी आधी हाक मारायचा, मग पाणी मागायचा. आता नावच घेत न्हाय."

वैजयंता त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ हलले, आवाज न करता, एकदा आणि पुन्हा एकदा. तिने बाकावरून आपली जागा बदलली आणि ती केराबाईंच्या समोर उकिडवी बसली.

"आत्या, वैजयंता म्हणा."

"आं?"

"म्हणा तर."

केराबाईंनी हे नाव कधी पूर्ण घेतलं नव्हतं. त्यांनी ते सावकाश, एकेक तुकडा उचलल्यासारखं घेतलं. "वै-ज-यं-ता."

"तोंडात कुठं कुठं लागलं?"

"दात लागलं. व्हटाला बी लागलं. जिभंला बी."

"आता आई म्हणा."

"आई."

"कुठं लागलं?"

केराबाईंनी बोट ओठावर ठेवलं. "आई," त्या म्हणाल्या. बोट काढून पुन्हा म्हणाल्या, "आई." त्यांची स्वतःची आई जाऊन इतका काळ झाला होता की तो शब्द हाक म्हणून तोंडातून कधी शेवटचा निघाला हे त्यांना सांगता आलं नसतं. त्या पुन्हा म्हणाल्या, आणि पुन्हा. ट्रकखालचा माणूस बाहेर डोकावला. झाडू थांबवून अस्लम दारात आला.

"न्हाय लागत," केराबाई म्हणाल्या. "कुठंच न्हाय लागत. नुसतं वारं हाय."

"तेच. त्यात मागे राहण्यासारखं काही नाहीच, आत्या. सगळं त्याच्याबरोबर गेलं. तो म्हणत असेल. आपल्यापर्यंत येण्यासारखं त्यात काही नाही."

केराबाई पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

"हे खरंय," दारातून अस्लम म्हणाला. "आता ध्यानात येतंय. मम्मी म्हणणाऱ्यांची तक्रार कधी आलेली नाही. मी कोनाचा दोष समजत होतो."

ही गोष्ट त्याने पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली आणि ती तालुक्यात पसरली. आता आमच्याकडच्या बऱ्याच घरांत पोरं आईला मम्मी म्हणतात. बाहेरचे लोक हसतात. त्यांना कारण माहीत नसतं.

ट्वीटर रात्रभर पुट्टीवर मागच्या दारांनाच होते. गाडी सुरू केली तेव्हा केराबाई मागे जाऊन बसल्या, आणि आज वैजयंताही त्यांच्या शेजारी मागेच बसली. सळसळ आली. "ह् ळ्," आवाज आला. मग "व् ज् य् न् त्." मग गाडीत काहीच ऐकू आलं नाही, आणि मग आलं, "ग् ळ् घ् त् ल् स्?"

"गोळी घेतलीस," वैजयंता म्हणाली. "गोळीचं विचारतोय."

"मला इचारतोय."

"तुम्हालाच. त्याच्या आधी काय आलं?"

"आधी काय न्हाय आलं."

"नीट ऐका."

त्या थांबल्या. दिगंबरला गोळीचं पुन्हा पुन्हा विचारायची सवयच होती. "माझं नाव घेतो तेव्हा तो सरळ सुरू करतो," वैजयंताने सांगितलं, "पण गोळीच्या आधी बघा." सळसळसुद्धा थांबली. आई म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गाडीत काहीही नव्हतं. मग "ग् ळ्" सुरू झालं.

केराबाईंनी वैजयंताचं मनगट धरलं.

"आलं," त्या म्हणाल्या.

दोघी ऐकत राहिल्या. दिगंबरने चहा मागितला त्याच्या आधी ते आलं. देवळापाशी थांबायचं का असं विचारलं त्याच्या आधीही आलं. दर वेळी केराबाई मान हलवत होत्या. मग त्यांनी काच खाली करून अस्लमला हाक मारली.

"ही भिंगरी पुढं लाव रं. काल लावलीवती तिथं."

अस्लमने ट्वीटर काढून पुन्हा पुढच्या खांबांवर चिकटवले. वैजयंता पुढे ड्रायव्हरच्या जागेवर बसली. केराबाई मागेच राहिल्या. "व् ज् य् न् त्" त्यांना पुसटसं आलं, त्याच्या पुढचं तर काहीच कळलं नाही. पण मग ती रिकामी जागा आली.

"हितनं बी तेवढंच येतंय," त्या म्हणाल्या. "आता खाली लाव, दाराला."

"मावशी, दाराला आवाज पार..."

"लाव म्हणते."

त्याने लावले. वैजयंताला मुद्दाम गुडघा मध्ये धरायला सांगितला. "हितनं बी तेवढंच," केराबाई म्हणाल्या. डॅशबोर्डवर ठेवले, काचेवर आपटून येऊ दिलं. "तेवढंच. जरा सुदिक कमी न्हाय."

अस्लम विचारात पडला. त्याच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. सगळ्या सीटना सारखं पोचेल असं आजवर त्याने काही बसवलं नव्हतं.

"मग पुढचं हिला द्या," केराबाई म्हणाल्या. "हिच्या कानापाशी. हिला बाकीचं लागतंय. मला कुठनंबी चालतंय."

वैजयंता स्टेअरिंगवर डोकं टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही. तिचे खांदे हलत होते ते अस्लमला बाहेरून दिसलं, आणि तो भोकाचं माप घ्यायला लागण्याऐवजी थोडा वेळ आत जाऊन आला. मग त्याने खांबाच्या कव्हरवर खूण केली आणि ड्रिल लावलं. त्या आवाजात केराबाई मागून म्हणाल्या, "सावकाश रं."

वैजयंता गाडी शिकली. सर्जेराव शेजारी बसून शिकवायचे, आणि खांबावरून दिगंबरही सांगायचा. "क् ल् च्," तो म्हणायचा. क्लच या शब्दात गमावण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे ते तिला अगदी पूर्ण ऐकू यायचं, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने गाडी बंद पाडली. कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर ती सरळ चालवायला शिकली, मग बाजारातून, मग हायवेवर. त्यानंतर दुकान बंद असलं की दोघी बाहेर पडू लागल्या. डावी सीट रिकामी असायची, तरी केराबाई मागेच बसायच्या.

रस्त्यात मधेच सळसळ थांबायची.

"ओ," केराबाई मागून म्हणायच्या.

मग पुढचं वाक्य यायचं, ते त्यांना नीट कळायचं नाही आणि त्या विचारायच्याही नाहीत. कधी कधी वैजयंता सांगायची, "गोळीचं विचारतोय." "घेतली म्हणावं," त्या म्हणायच्या. व्यंजनं उत्तर ऐकत नाहीत हे दोघींना माहीत होतं. नंतर नंतर दिगंबरच्या तोंडचे ख आणि घ जरा झिजले. व्यंजनं झिजतातच, गाडीतसुद्धा, फक्त उशिरा. थांबण्याची ती जागा मात्र होती तशीच राहिली. पुढे केराबाईंना कानाने कमी ऐकू येऊ लागलं. हॉर्न ऐकू येईना, वैजयंताचं बोलणं दोनदा सांगावं लागे. पण ते थांबणं त्यांच्याकडून कधी चुकलं नाही. वैजयंताच्या लक्षात यायच्या आधी त्या "ओ" म्हणून मोकळ्या झालेल्या असायच्या.

पौषात, थंडीच्या दिवसांत, केराबाई गेल्या. आजारी अशा पडल्याच नाहीत. अंगणात उन्हाला बसल्या होत्या, वैजयंता चहा घेऊन आली तेव्हा त्या तिथे नव्हत्या, म्हणजे बसलेल्या होत्या पण नव्हत्या.

खिडकीतल्या बाईंनी डबी दिली आणि स्वर नसल्याचं सांगितलं. वैजयंता एकटीच गाडी चालवत अस्लमकडे गेली.

"एका गाडीत दोन माणसं बसतात," अस्लम म्हणाला. त्याची दाढी आता पांढरी व्हायला लागली होती, पण बोलणं तसंच होतं. "त्याला हरकत नाही. मावशींना मागच्या दारांवर घेऊ, त्यांच्याच जागेपाशी. फक्त तोंड बाहेरच्या काचेकडं करावं लागेल."

"का?"

"दिगंबरभाऊंचं तोंड आत आहे, ताई. यांचंही आत केलं तर समोरासमोर येतात. दोघांची व्यंजनं एकमेकांत गुंततात. मग काय चाललंय ते तुम्हाला ऐकणाऱ्याला कळणार नाही. मी कुणाला तसा सल्ला देत नाही."

"समोरासमोरच लावा."

"ताई, भोक पाडल्यावर..."

"माहीत आहे. समोरासमोर लावा."

त्याने पुट्टीवर चिकटवून ऐकवण्याचं विचारलं. ती नको म्हणाली. त्याने भोकं पाडली, ट्वीटर बसवले, भुसा झटकला आणि मागचं दार दोनदा उघडून लावून बघितलं.

वैजयंता घराकडे निघाली. गावाबाहेर पडेपर्यंत नुसतीच सळसळ होती, आता पुढून आणि मागून, दोन्हीकडून. कालव्याच्या पुलावर चढताना मागून पहिला आवाज आला. "व् ज्. स् व् क् श्." वैजे, सावकाश. तिने गिअर खाली घेतला.

मग पुढच्या खांबावरची सळसळ थांबली.

तिने पुढच्या वाक्याची वाट बघितली. ते आलं नाही. लगेच मागचीही सळसळ थांबली. गाडीत काहीच नव्हतं. थोड्या वेळाने पुढून सळसळ सुरू झाली, पण शब्द न येताच पुन्हा थांबली, आणि मागचीही पुन्हा थांबली. मेलेल्या दोघांनी एकमेकांशी काय करावं, याबद्दल आमच्याकडे काही ठरलेलं नाही. पूल संपला. एक ट्रॅक्टर मागून हॉर्न वाजवत येत होता. वैजयंताने गाडी कडेला घेतली आणि त्याला पुढे जाऊ दिलं. मग तिने पंख्याचं बटण बंद केलं. तिच्या बाजूची काच बोटभर खाली राहिली होती ती वर केली.

गाडीत कितीतरी वेळ काहीही ऐकू आलं नाही. त्यात तिला कळण्यासारखं काही नव्हतं. ती गाडी हळू चालवत राहिली आणि घराचं वळण आलं तेव्हा वळली नाही, सरळ पुढे गेली, कारण दोघांचं बोलणं अजून चालू होतं.